आर्थिक कोंडीचा हिशेब

एका राष्ट्राने दुसऱ्याशी चालणारा व्यापार, पैसा व दळणवळण आपल्या एकट्याच्या निर्णयाने रोखले, म्हणजे त्यास एकतर्फी आर्थिक निर्बंध म्हणतात. हे शस्त्र रक्त सांडीत नाही म्हणून लोकांस बरे वाटते. पण उपासमारीतही रक्त सांडत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. या शस्त्राकडे संपाच्या मापाने पाहतो.

उदाहरण आपल्या शेजारचेच घेऊ. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने आगगाडीचा संबंध तोडला, १ सप्टेंबरला गोव्यातील आपली वाणिज्य वकिलात बंद केली आणि व्यापाराची कोंडी आवळली. कारण न्याय्य होते, यात वाद नाही. पण भार कोणावर पडला? मुंबईत धोबीतलावच्या कुडांत राहून बोटीवर किंवा परक्याच्या स्वयंपाकघरात राबणारा गोवेकर घरी पैसे धाडीत असे. त्याची वाट अडली. उलट राज्यकर्त्यांनी तांदूळ पाकिस्तानातून, बटाटे हॉलंडहून, सिमेंट जपानहून आणले. खाणींतले लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीस जातच राहिले. दाबोळीस विमानतळही उभा राहिला. सहा वर्षांत सालाझार नमला नाही. डिसेंबर १९६१ मध्ये लष्करच धाडावे लागले.

म्हणून हे शस्त्र टाकूनच द्यावे काय? तसे नव्हे. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, तो तेथील हिंदी जनतेच्याच मागणीवरून. ज्यांना झळ लागणार होती त्यांची संमती होती. पुढे १९६२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही सर्व देशांना तोच मार्ग सांगितला. एकट्याने उचललेले पाऊल जगाचे झाले.

यातून सरकारांसाठी चार नियम निघतात. पहिला, मागणी लेखी व नेमकी असावी. काय झाले म्हणजे निर्बंध उठतील, हे समोरच्यास कळले पाहिजे. दुसरा, आधी कोण उपाशी राहील ते मोजावे. अन्न, औषध व घरी धाडलेला पैसा वगळावा. आणि सवलत कागदावर असूनही दंडाच्या भीतीने बँका व जहाजवाले अंग काढून घेतात, यावरही नजर ठेवावी. तिसरा, झळ तिसऱ्यासही लागते. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०१९ साली भारतास इराणचे तेल घेणे थांबवावे लागले. तेलाचा भाव चढला की भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यातला कामगारही घरखर्चात तो भरतो. चौथा, मुदत असावी. दर सहा महिन्यांनी मंत्र्याने संसदेपुढे नफ्यातोट्याचा हिशेब मांडावा. सभासदांनी पुन्हा मत दिले नाही, तर निर्बंध आपोआप संपावेत.

संप पुकारणारा पुढारी रोज सायंकाळी कामगारांपुढे उभा राहतो. चूल पेटली की नाही, ते त्याला तोंडावर ऐकावे लागते. निर्बंध घालणाऱ्या मंत्र्यापुढे परदेशातली ती चूल कधी येत नाही. ती त्याच्यापुढे आणून ठेवणे, हेच संसदेचे काम आहे.