दारांतलें कपाट

शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतले. येथें पायताणांबरोबर घरांत येते ती चिखलापेक्षां धूळच अधिक. जुन्या वाड्यांत जोडे पडवींत, पागोटें खुंटीवर आणि दिवा कोनाड्यांत, अशी ज्याची त्याची जागा ठरलेली असे. आजच्या सदनिकांत दारामागें दोन-चार हात जागा. तेथेंच जोडे, छत्र्या, पिशव्या यांचा ढीग पडतो. अंधारांत त्यांत पाय अडकून घरांतलें वडील माणूस पडलें, तर हा पसारा फार महाग पडावयाचा!

यावर आम्ही सुचवितों तो उपाय साधा आहे. एखादें जुनें लाकडी कपाट घेऊन सुताराकडून त्यांत फेरफार करून घ्यावा. जोड्यांचे खण सहा-सात इंच उंच व निदान बारा इंच खोल असावे. खालीं चार इंचांचे पाय लावावे, म्हणजे केरसुणी सहज फिरते. दारें जाळीचीं नकोत. धूळ आंत जाते. हवेसाठीं मागल्या फळीस भोकें पाडावीं व मधें लाकडी ठोकळे घालून कपाट भिंतीस पक्कें जखडावें. दाराच्या आंतून किल्ल्यांसाठीं आंकडे मारावे. वरचा खण उघडा ठेवावा. दौंडहून पहाटेची पुण्याची गाडी गांठणाऱ्याचा पास किंवा रांजणगांवच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्याचें ओळखपत्र तेथें रात्रींच ठेवतां येतें.

मात्र घरांतल्या प्रत्येकास त्याचा खण नेमून द्यावा. नाहीं तर कपाट नवें होतें, पण आवरणारी गृहिणी एकटीच राहते.