हा ‘ढ’ नाही!

सीबीडी बेलापूर असो की अन्य कुठली वस्ती, प्रत्येक शाळेत असा एखादा मुलगा असतो. तोंडी हिशेब चटकन सांगतो, पण वहीत २३ चे ३२ लिहितो, वाचताना ओळ गाळतो. शाळेत ‘ढ’ ठरतो, घरी मार खातो. ‘यांना काय शिकता येणार’ हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. आता आपणच ते लेकरांना ऐकवावे काय?

बुद्धी शाबूत असूनही वाचन, लेखन वा गणित अडते, त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. १९९५ च्या अपंग कायद्यात ती नव्हती; २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत आली. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. मात्र आम्ही कारकून मंडळी जाणतो, दाखल्याशिवाय फाईल हलत नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होते. पण कुर्ल्याला गाडी बदलून अनेक खेपा घालायच्या, म्हणजे रोजंदारीवरच्या आईचे खाडे. म्हणून पालकांनी पाचवी-सहावीतच हालचाल करावी. महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र तर जवळच, वाशीला आहे. तिथे आधी विचारावे.

मनाच्या दुखण्याबाबत जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले : १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, विद्यार्थ्याचा चारचौघांत पाणउतारा नको. पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना एवढेच विचारा, आपल्या शाळेचा समुपदेशक कोण? तोवर १४४१६ हा सरकारी दूरध्वनी मोफत आहे, रात्रीही उचलतात.