बाळंतिणीला विचारायचे प्रश्न

डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्या वाटेवरची एक कार्यकर्ती काम करताना जवळून पाहिली.

तालुक्यातल्या एका वाडीवर आजी पाटावर पाय पसरून बसली होती. पायांवर बाळ पालथं. कोमट तेलाचा हात मानेपासून टाचेपर्यंत सावकाश उतरायचा. रडणारं बाळ हळूहळू सैल पडलं. कार्यकर्तीची नजर मात्र बाळंतिणीवर होती. "झोप लागती का गं? उगाच रडू येतं का?" पोरीचे डोळे भरले. नवरा ऊसतोडीला गेलेला, दुसरी मुलगी झाली म्हणून सासरचं कुणी फिरकलेलं नाही. कार्यकर्ती पुढं काही न बोलता बराच वेळ तिचा हात धरून बसली.

मला हे निव्वळ धीर देणं वाटत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला २००४ सालचा प्रयोग आहे. ज्या उंदरिणी पिल्लांना भरपूर चाटतात, त्यांची पिल्लं मोठेपणी ताणातून लवकर सावरतात. त्यांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या जनुकावर मिथाइलच्या रासायनिक खुणा कमी असतात, म्हणून ते जनुक जास्त काम करतं. कमी चाटणारीची पिल्लं भरपूर चाटणारीच्या कुशीत दिली, तर खुणाही तिच्या पिल्लांसारख्या होतात. उंदरांवरून माणसाचं सरळ गणित मांडता येत नाही, आणि तेल लावल्यानं जनुकं सुधारतात असं कुणी सांगू नये. पण बाळाला कुशीत घेणाऱ्या बाईचं मन जपणं हे बाळाचंच औषधपाणी आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

कार्यकर्तीचा पुढचा प्रश्न बाळंतिणीच्या नववीतल्या बहिणीला होता: "दूध पितीस का?" दारात दोन गाई, दूध डेअरीला, पोरीच्या वाट्याला कोरा चहा.

जनुकांवरच्या अशा खुणांसाठी लागणारं मिथाइल शरीर फोलेट आणि बी-१२ या जीवनसत्त्वांच्या मदतीनं तयार करतं, आणि बी-१२ मिळतं ते दूध, अंडी, मटणातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. जवळजवळ दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी निघालं. ज्यांच्या आईत ते फार कमी होतं, ती मुलं नवव्या वर्षी लक्ष टिकवण्यात आणि आकडे ध्यानात ठेवण्यात मागे पडली. याचा ठपका आईवर ठेवणं मला मुळीच मान्य नाही. घरातलं दूध कुठं जायचं हे ती ठरवत नाही.

याच अभ्यासात जन्मलेली मुलं वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यातल्या काहींना लग्नाआधीच बी-१२ च्या गोळ्या सुरू केल्या. पुढं नुसतं बी-१२ घेतलेल्या मुलींची बाळं दोन वर्षांची झाली, तेव्हा आकलनात आणि भाषेत ती बी-१२ न घेतलेल्या मुलींच्या बाळांपेक्षा उजवी ठरली. तपासलेली बाळं मोजकीच होती. तरी नववीतल्या पोरीला कपभर दूध मिळावं, यासाठी मला एवढं पुरेसं आहे.