अक्षर, मांडणी आणि चित्र : व्यापाऱ्याने शिकावयाची नवी विद्या

सन २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला व सौंसर त्यात समाविष्ट झाले. राजकारणात या घटनेचे महत्त्व असेल ते असो. आम्हां व्यापाऱ्यांस तिचा पहिला प्रत्यय आला तो पत्त्यात. पाट्या, बिलबुके, संत्र्यांच्या पेट्यांवरील लेबले, सर्वांवरील जिल्ह्याचे नाव बदलणे आले. आम्ही आमच्या जुन्या लेबलाची फाईल घेऊन एका छापखान्यात गेलो. फाईल उघडली आणि मराठी मजकुराच्या ठिकाणी इंग्रजी मुळाक्षरांची अर्थशून्य रांग उभी राहिली. एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी सारे लेबल नव्याने करावे लागले. ज्या अक्षरांवर पेढीची ओळख उभी आहे, त्यांविषयी आपण किती अनभिज्ञ आहोत, हे त्या दिवशी आम्हांस उमगले.

झाले होते असे की, ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असतो, त्यावर देवनागरीचा केवळ मुखवटा चढविलेला असतो. तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड पद्धतीत मात्र देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हास स्वतःचा क्रमांक मिळाला. म्हणून पहिला धडा हा की, मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा आणि काम झाल्यावर मूळ फाईल मागून घेऊन दप्तरी जपावी.

सुबक मराठी अक्षरामागे मोठी परंपरा आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८४१ साली पंचांग छापले. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले ठसे देशभर नावाजले गेले. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलका’सारखे जैन ग्रंथही याच छापखान्यातून बाहेर पडले. संगणकाच्या युगात हा वारसा र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी पुढे नेला. विंडोज संगणकावरील ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांनी घडविला. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बालू’ हे फॉन्ट कोणासही विनामूल्य वापरता येतात.

आपल्या सीमाभागात दुकानाच्या एकाच पाटीवर मराठी व हिंदी शेजारी नांदतात. लिपी एक असली तरी वळणे भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे निश्चित केली. अनेक फॉन्टांत दोन्ही रूपे असतात. परंतु मजकुराची भाषा मराठी आहे, असे प्रोग्रामला सांगितल्यावाचून मराठी रूप प्रकट होत नाही. त्याहून जपावयाचा तो अर्धा ‘ऱ’. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे धर्मगुरूंना. निमंत्रणपत्रिकेत ही चूक झाली, तर हसे कोणाचे होईल हे सांगावयास नको!

अक्षरानंतर मांडणी. इंग्रजी अक्षरे लांब लांब ठेवून शीर्षक रुंद करता येते. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते व शब्द विस्कटतो. शीर्षक मोठे हवे असेल तर अक्षरांचा आकार वाढवावा. आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली असल्याने दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक जागा सोडावी. लेबलावर अलंकार कमी व मोकळी जागा अधिक असावी. मालाचे नाव, वजन व किंमत ग्राहकास एका दृष्टिक्षेपात दिसली पाहिजे. बंद वेष्टनातील मालासंबंधीच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक माहिती देवनागरी हिंदीत अथवा इंग्रजीत देणे बंधनकारक आहे. मराठी त्यासोबत देता येते, तिच्याऐवजी नव्हे. आकड्यांची किमान उंचीही नियमांनी ठरविलेली आहे.

आता रंग व चित्र. पडद्यावर झळाळणारे संत्रे कागदावर मातकट उतरते, हा अनुभव पुष्कळांस असेल. पडदा प्रकाशाने रंग दाखवितो, कागद शाईने. आणि छपाईच्या नेहमीच्या चार शायांत तेजस्वी नारिंगी रंग पुरता उतरत नाही. सबब आधी एक नमुना छापून पाहावा. रंग फारच महत्त्वाचा असेल तर स्वतंत्र नारिंगी शाईची चौकशी करावी. छापावयाच्या छायाचित्रात दर इंचास सुमारे ३०० बिंदू असावेत, म्हणजे तीन इंच रुंदीस ९००. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने आलेले चित्र आक्रसलेले असते, म्हणून मूळ चित्रच मागवावे. चित्रसंस्कारासाठी ‘गिंप’ आणि पेढीची मुद्रा रेखाटण्यासाठी ‘इंकस्केप’ हे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. त्यांत पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे थर असतात. दुरुस्ती वरच्या थरावर केली म्हणजे मूळ चित्र अबाधित राहते.

परंतु या सोयीतच धोकाही आहे. आमच्या पेढीवरील एका उत्साही मुलाने संत्र्यांच्या छायाचित्रातील सारे डाग पुसून टाकले. माल उत्तम होता, तरी दूरच्या ग्राहकाचा फोन आला, “चित्रातील माल का पाठविला नाही?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. शास्त्रकारांनी सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मापे व प्रतिरूपक व्यवहार सांगितले आहेत. संगणक त्या काळी नव्हता, पण हा मोह होताच. चित्रातील अंधार उजळणे, वाकडे सरळ करणे, मागील पसारा काढणे यांत दोष नाही. मालात नसलेला गुण चित्रात घालणे मात्र खोट्या मापाने तोलण्यासारखेच होय. त्या दिवसापासून आम्ही एकच कसोटी ठेवली आहे : पेटी उघडून ग्राहकाने चित्र शेजारी धरले, तर आपणांस मान खाली घालावी लागेल काय?

ज्यांस ही विद्या पूर्णत्वाने शिकावयाची आहे, त्यांच्यासाठी नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय, मुंबईच्या सर ज. जी. संस्थेतील उपयोजित कला विभाग आणि पवईच्या आय.आय.टी.तील १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र म्हणून स्थापन झालेली संस्था आहे. मात्र प्रारंभास घरचा संगणक पुरेसा आहे. सभासद बंधुभगिनींनी आपल्या मुलामुलींस, तद्वतच सुनांस, पेढीचे एक बिल नव्याने मांडावयास द्यावे. त्यावरील प्रत्येक अक्षर, आकडा व मोकळी जागा कोणत्या कारणाने आहे, हे त्यांस विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देता देताच ही विद्या अंगी मुरते. पेढीची पत पूर्वजांनी शब्दावर मिळविली. तो शब्द आता छापील अक्षरांत व चित्रांत ग्राहकाच्या हाती पडतो. तो शुद्ध राखणे हे घरातल्याच माणसाने शिकावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.