कापूर, कडुनिंब आणि घरातले मांजर

पावसाळा रंगात आला की गोव्यातील घराघरांत दिवेलागणीला दारे-खिडक्या लोटण्याची घाई सुरू होते. कोणी अंगणात कडुनिंबाचा पाला धुमसत ठेवतो, कोणी पाण्याच्या वाटीत कापराच्या वड्या टाकतो, तर कोणी 'शंभर टक्के नैसर्गिक' असे छापलेली बाटली दुकानातून घेऊन येतो. घरात तान्हे मूल किंवा पाळीव प्राणी असेल, तर वनस्पतीजन्य पर्याय आपोआपच निर्धोक वाटतो. हा समज अपुरा आहे. झाडे आपल्या पानांत आणि सालीत उग्र वासाची तेले साठवतात ती बव्हंशी किड्यांपासून बचाव करण्यासाठी. ती कोणाला किती बाधतील हे मात्रेवर, शरीराच्या आकारमानावर आणि यकृताच्या क्षमतेवर ठरते. म्हणून कीटकरोधक निवडताना घरातील सर्वांत नाजूक जिवाचा विचार आधी करावा लागतो, आणि पुष्कळ घरांत तो जीव मांजर असतो.

मांजराच्या यकृतात एक मोठी उणीव असते. माणूस आणि कुत्रा ज्या रासायनिक प्रक्रियेने अनेक सुगंधी द्रव्यांचा निचरा करतात, त्या प्रक्रियेला लागणारी विकरे मांजरात फार कमी असतात. त्यामुळे टी ट्री, निलगिरी, लवंग, दालचिनी, पुदिना किंवा लिंबूवर्गीय सालींची तेले त्याच्या शरीरात साचून राहतात. तेल अंगाला चोळले तरच अपाय होतो असे नाही. खोलीत तेलाचे सूक्ष्म तुषार उडवणारे यंत्र लावले, तर ते तुषार मांजराच्या केसांवर बसतात आणि दिवसभर अंग चाटण्याच्या सवयीमुळे पोटात जातात. लाळ गळणे, तोल जाणे, अंग थरथरणे ही विषबाधेची लक्षणे. अशा वेळी घरगुती उपाय न करता, वापरलेल्या तेलाची बाटली सोबत घेऊन पशुवैद्य गाठावा. कुत्र्याची सहनशक्ती याहून अधिक असली तरी न विरवलेले टी ट्री तेल त्यालाही घातक ठरते.

लहान मुलांच्या बाबतीत सर्वाधिक सावधगिरी हवी ती कापराबाबत. देवघरातला म्हणून त्याच्याकडे कोणी विष या नजरेने पाहत नाही. पण अगदी थोडा कापूर पोटात गेला तरी बालकाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. पाण्याच्या वाटीतील पांढऱ्या वड्या रांगत्या मुलाला खडीसाखरेसारख्या दिसतात, हे ध्यानात ठेवलेले बरे. (बाजारातील बहुतेक कापूर आज झाडापासून थेट मिळत नाही, तो टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो.) निलगिरीचे तेल गिळल्यानेही मुलांना झटके येतात. कडुनिंबाचे तेल तान्ह्या बाळांना पाजल्याने मेंदूला आणि यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. दोन महिन्यांखालील बाळाच्या त्वचेला कोणतेच कीटकरोधक लावू नये, मग ते वनस्पतीजन्य असो वा रासायनिक. त्याच्यासाठी मच्छरदाणी हाच खरा नैसर्गिक उपाय.

सुरक्षिततेनंतर प्रश्न येतो तो परिणामाचा. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत २३.८ टक्के डीट हे रसायन असलेल्या औषधाने सरासरी पाच तास डास दूर ठेवले. सिट्रोनेलाच्या, म्हणजे गवती चहाच्या भाऊबंद गवताच्या तेलावर आधारलेली उत्पादने वीस मिनिटेही टिकली नाहीत, आणि मनगटावर बांधायचे पट्टे जवळजवळ निरुपयोगी ठरले. कारण सोपे आहे. जे तेल चटकन वास देते ते चटकन उडूनही जाते. कुंडीत नुसती तुळस किंवा गवती चहा लावून डास हटत नाहीत, तेही यामुळेच. पान चुरडल्याखेरीज तेल फारसे बाहेरच पडत नाही.

वनस्पतीजन्य पर्यायांत खरोखर टिकाऊ म्हणावे असे द्रव्य म्हणजे पीएमडी. लिंबासारखा वास असलेल्या निलगिरीच्या पानांच्या तेलावर प्रक्रिया करून ते काढतात आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ते शिफारशीच्या यादीत घेतले आहे. मात्र तीन वर्षांखालील मुलांना ते लावू नये, अशी त्याच शिफारशीत अट आहे. शिवाय सुगंधी तेलांच्या दुकानात मिळणारे त्या निलगिरीचे साधे तेल वेगळे आणि पीएमडी वेगळे. घराघरांत सर्दीसाठी ठेवलेली निलगिरी तर तिसऱ्याच जातीच्या झाडाची असते.

खोबरेल तेलात दोन टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून लावण्याचा उपाय आपल्याकडे सर्वश्रुत आहे. त्याला आधार आहे तो भारतातच झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा. तीत या मिश्रणाने बारा तास संरक्षण दिल्याचे आढळले. पण ते हिवताप पसरवणाऱ्या, प्रामुख्याने रात्री चावणाऱ्या ॲनोफिलीस डासांपासून. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस दिवसा चावतो. सकाळी उन्हे वर येण्याच्या सुमारास आणि सूर्यास्ताआधी त्याचा जोर असतो. सायंकाळचे धुपाटणे पेटेपर्यंत त्याचे काम उरकलेले असते! मुलांना शाळेत धाडण्यापूर्वी पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे आणि कुंड्यांखालच्या बशा, करवंट्या, गच्चीवरच्या टाक्या यांतील पाणी आठवड्यातून एकदा रिते करणे हे एडिसविरुद्ध कोणत्याही तेलापेक्षा अधिक उपयोगी पडते.

धुराविषयीही स्पष्ट बोलायला हवे. मलेशिया आणि अमेरिकेतील संशोधकांनी २००३ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार डासांची एक अगरबत्ती पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. हे मोजमाप गुंडाळीच्या अगरबत्तीचे असले तरी पाला किंवा शेणी जाळूनही कण निघतातच, आणि ते मुलांच्या व दमेकऱ्यांच्या फुप्फुसांत जातात. 'हर्बल' म्हणून सुट्या विकल्या जाणाऱ्या काही उदबत्त्यांत नोंदणी नसलेली कृत्रिम कीटकनाशके आढळली आहेत. पाकिटावर नोंदणी क्रमांक आणि घटकांची नावे नसतील, तर ते दुकानातच राहू द्यावे.

डासांच्या चर्चेत गोचीड विसरली जाते. गोव्यात ते परवडणारे नाही. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात उद्भवला आणि पुढे दोडामार्ग परिसरातही पोहोचला. काजूचे बोंडू गोळा करण्याचा हंगाम आणि या गोचिडांच्या पिल्लांचा सुकाळ एकाच वेळी येतो. बागायतीत वा रानात जाणाऱ्यांनी इथे तेलांच्या सुगंधावर विसंबू नये. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेले डेपा हे रोधक कर्नाटकातील बाधित भागांत वाटले जाते. ते नैसर्गिक नाही, पण या तापात शंभरातील तीन ते पाच रुग्ण दगावतात हे लक्षात घेतले, तर इथे रसायन टाळण्याचा आग्रह महागात पडू शकतो.

घरच्या कुत्र्याला त्रास देणारी तपकिरी गोचीड निराळी. ती भिंतीच्या फटींत अंडी घालते आणि कुत्र्याला एर्लिकियोसिससारखा जिवावर बेतणारा ताप देते. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातल्यास थोडा उतार पडेल, पण प्रादुर्भाव वाढल्यावर पशुवैद्याने दिलेल्या गोळ्या किंवा मानेवर सोडायचे थेंबच कामी येतात. चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल ओतू नये, तिला काडीने जाळू नये. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी आणि हात साबणाने धुवावेत.

कुत्रा आणि मांजर एकाच घरात असतील, तर थेंबांच्या वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय ते कुत्र्याला लावू नयेत. शेवंतीच्या कुळातील एका फुलातून मिळणाऱ्या पायरेथ्रिनचा कृत्रिम भाऊ असलेले पर्मेथ्रिन कुत्र्याला सोसते. मांजर मात्र त्याच कुत्र्याला बिलगून झोपले तरी त्याला विषबाधा होऊ शकते.