वसईच्या चर्चची घंटा, गोदेच्या काठी

आम्ही वणीकर. घंटा म्हटली की आधी सप्तशृंगी गडच आठवतो. पण आपल्याच जिल्ह्यातली एक घंटा थेट समुद्रकाठच्या चर्चमधून आली आहे, हे माहीत आहे का? नाशिकला पंचवटीत गेलात तर रामेश्वराच्या, म्हणजे नारोशंकराच्या मंदिरापाशी थांबा आणि मान वर करा. समोर ती भली मोठी घंटा दिसेल. तिच्यावर साल आहे 1721.

मंदिर मात्र 1747 चं, सरदार नारोशंकर राजेबहादूरांनी बांधलेलं. मग घंटा आधीची कशी? मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोहोचल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक.

मला सगळ्यात भावते ती मेणवलीची, 1707 ची. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम कोरलेली आहे. गडावरच्या आईला नमस्कार करत वाढलेल्या आम्हाला कडेवर लेकरू घेतलेली ती आई परकी वाटत नाही.

आणि ज्या मनोऱ्यांत अशा घंटा वाजत, ते पाहायचे तर वसईचा किल्ला गाठा. सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. छत नाही, आत गवत माजलंय, पण दगडी कमानींवरची नक्षी शाबूत आहे. तिथून येताना नाशिकमार्गे या, त्याच दिवशी गोदाकाठची घंटाही बघा.