तंद्री लागते, मनोराज्य मांडतो

माझी मुलगी तिसरीत असताना प्रगतिपुस्तकात शेरा आला : ‘वर्गात लक्ष नसते.’ खिडकीबाहेर बघत बसते, हाक मारली की दचकते, एवढाच तिचा गुन्हा. मी रागावलो, आणि पुढे बरेच दिवस रागावत राहिलो. मन भरकटण्यावरचे संशोधन वाचायला घेतले तेही खरे तर त्या रागाला आधार मिळावा म्हणूनच.

आरंभी तो मिळालाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २२५० प्रौढांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारले : आत्ता काय करता आहात, मन कुठे आहे, कसे वाटते आहे? निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतेच, आणि भटकणारे मन एकंदरीत कमी सुखी होते. वर्तमानपत्रांना एवढे पुरले. पण त्याच निबंधात असेही आहे की सुखद विचारांत रमलेली माणसे कामात गुंतलेल्यांपेक्षा दुःखी नव्हती. मन कुठे गेले, यावर सारे होते.

त्याआधी, २००१ मध्ये, मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचे एक कोडे मांडले होते. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव विसाव्यातही सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. एखादे काम सांगितले तर त्यात किरकोळच भर पडते. उलट काही भाग काम हाती घेताच मंदावतात आणि मोकळे सोडले की पुन्हा जागे होतात. जुने आठवणे, पुढचे कल्पिणे, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणे यांच्याशी हेच भाग निगडित आहेत, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. म्हणजे खिडकीबाहेर बघणारे मूल रिकामे बसलेले नसते.

आपल्या भाषेने इथे एक भेद केव्हाच करून ठेवला आहे. मनोराज्य आपण मांडतो. तिथे आपण कर्ते. तंद्री मात्र लागते, भूक-तहान-झोप लागते तशी. संस्कृतातल्या ‘तंद्रा’त नुसती सुस्ती आहे, मराठीने तिला गढून जाण्याचा अर्थ दिला. (समाधीही लागतेच, पण तिच्याबद्दल कुणी प्रगतिपुस्तकात शेरा मारत नाही.) जी लागते तिच्यासाठी माणसाला दोष कसा द्यायचा? अर्थात काळजीही लागते, घोरही लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे सारखेच दिसते : डोळे स्थिर, हाक ऐकू न येणे. आत काय चालले आहे ते विचारल्यावाचून कळत नाही. मी तेवढेच केले नव्हते.

मुलगी कॉलेजात गेल्यावर एकदा विचारले. तिला लख्ख आठवत होते. त्या वर्षी माझी आई अंथरुणाला खिळली आणि नातीला शाळेतून आणायचे तिने सोडले. वर्गाच्या खिडकीतून फाटक दिसायचे.